परदेश सहलीची आरोग्यतयारी निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच का होते?

बाळीवेस (धागाकर्ता)

सोलापुरात बाळीवेशीजवळ माझे औषधांचे दुकान आहे. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत दुकानात एक मागणी हमखास येते: "परदेशी निघालोय, एक किट बांधून द्या." या किटमध्ये तापाची, उलटीची, जुलाब थांबवण्याची आणि अ‍ॅसिडिटीची गोळी, दुखण्यावरचा बाम आणि ओआरएसची पाकिटे असावीत अशी अपेक्षा असते. शिवाय "एखादे चांगले अँटिबायोटिकही टाका" असे सांगितले जाते आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक नाराज होते. गाडी बहुतेक वेळा त्याच रात्रीची असते. बॅगा भरून झालेल्या असतात, शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचे डबे बांधलेले असतात, विमानतळावर कोणत्या दाराशी जमायचे हे सहल कंपनीने दोनदा कळवलेले असते. आरोग्याची पाळी सर्वांत शेवटी येते आणि माझ्या काउंटरवर दहा मिनिटांत उरकली जाते.

माझे म्हणणे असे की, परदेश प्रवासातील आरोग्याचे बहुतेक महत्त्वाचे निर्णय सहलीचे पैसे भरतानाच घ्यायचे असतात आणि आदल्या दिवशीचे किट, कितीही भरगच्च असले तरी, त्यांची जागा घेऊ शकत नाही. सर्वांत ठळक उदाहरण पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचे आहे. आपल्याकडून केनिया, टांझानियाकडे सफारीला जाणारे आता कमी नाहीत. केनियासारख्या देशातून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतीय विमानतळावर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध असते. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या केंद्रांतच मिळते आणि तेथे आधी वेळ घ्यावी लागते. म्हणजे निघण्यापूर्वी दोन आठवडे ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्यापुढे सहल रद्द करणे किंवा परतल्यावर अडकून पडणे असे दोनच मार्ग उरतात.

ही अट कोणाला सरकारी जाच वाटेल, म्हणून तिचे कारण आपल्या शहराच्या संदर्भात सांगतो. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास येथे मुबलक आहे. डेंग्यू आणि चिकनगुनिया तोच पसरवतो. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्यामुळे प्रत्येक घरात हौद, बॅरल आणि टाक्या भरलेल्या असतात आणि स्वच्छ, साठवलेले पाणी हीच या डासाची आवडती जागा आहे. लस न घेतलेला एखादा बाधित प्रवासी अशा गावात उतरला, तर पुढे काय होऊ शकते याची कल्पना यावी. लस प्रवाशाच्या दंडात टोचली जात असली, तरी त्याच्या गल्लीचेही रक्षण करते.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही असेच आहे. डॉक्सिसायक्लिन दिली असेल, तर ती प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. कोणती गोळी कोणाला चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. गर्भवतीला आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. हे काम काउंटरवर उभ्या-उभ्या होणारे नाही.

आपल्या ओळखीत, नात्यात किंवा व्यवसायात आपण काय पाहता, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

लष्कर

बाळीवेस यांनी तळमळीने लिहिले आहे, तरीही मला यात थोडी भीती घातल्यासारखे वाटते. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावात आपण वाढलो. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत उघड्यावरचे खाऊन आपली पोटे तयार झाली आहेत. स्वित्झर्लंडच्या नळाचे पाणी आपले काय वाकडे करणार? आफ्रिकेचे समजू शकतो, पण सोलापूरचे शंभरातले नव्वद लोक दुबई, सिंगापूर, थायलंड आणि युरोप याच वाटेने जातात. त्यांना लसी, गोळ्या आणि प्रमाणपत्रे यांत अडकवून सहलीचा आनंद घालवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

---

जुळे_सोलापूरकर

मी फिजिशियन आहे. लष्कर यांचा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच खरा धोका आहे. प्रवाशांच्या मृत्यूंची कारणे पाहिली, तर साथीच्या आजारांचा वाटा लहान असतो. उतारवयातील प्रवाशांत हृदयविकार आणि तरुणांत अपघात व पाण्यात बुडणे ही कारणे पुढे असतात. स्वित्झर्लंडचे पाणी खरोखरच काही करणार नाही. मात्र आपला बासष्ट वर्षांचा मधुमेही प्रवासी तेथे रोज दहा-बारा किलोमीटर चालतो, दगडी फरसबंदीवर चढतो-उतरतो, सकाळी सातला नाश्ता करतो आणि भारतीय उपाहारगृह येईपर्यंत दुपारचे अडीच वाजतात. एरवी त्याचे चालणे दुकानापासून स्कूटरपर्यंत असते. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन एवढे चालले आणि जेवण लांबले, तर साखर झपाट्याने उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसू लागतात आणि सहप्रवाशांना वाटते की काकांना ऊन लागले. निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालण्याचा सराव करणे, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवणे आणि खिशात ग्लुकोज ठेवणे या तीन गोष्टी कोणत्याही किटपेक्षा मोलाच्या आहेत.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठण्याची शक्यता असते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्यायोग्य राहत नाही. मुंबईहून अमेरिकेकडे, म्हणजे पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि परतताना तो आखडतो. त्यामुळे त्या दोन दिवसांच्या मात्रांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

दुसरा मुद्दा बसून राहण्याचा. चार तासांपेक्षा अधिक वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आढळले. प्रत्यक्ष प्रमाण लहान आहे, चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात सुमारे सहा हजारांत एक. परंतु लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल, तर ते वाढते. हा धोका विमानापुरता नाही, बस आणि मोटारीलाही लागू आहे. सोलापूरकराचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून मुंबई गाठायची, तीन तास विमानतळावर बसायचे आणि मग नऊ तास विमानात, ही एकच सलग बैठक आहे. दर दोन तासांनी उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे. "रक्त पातळ करायला" मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

राहिला उन्हाचा मुद्दा. सोलापूरचे ऊन सोसणारा माणूस बाहेरच्या उन्हाला भीत नाही. तो दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नाही, म्हणून सोसतो. सहलीत तीच वेळ बाहेर असते.

---

मजरेवाडी

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले. हजला निघालेल्या लोकांच्या प्रशिक्षण शिबिरांत मी काही वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करतो. २०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेले आणि सौदी सरकारने १,३०१ मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्यांपैकी ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. ऊन सर्वांवर सारखेच पडले, पण परवाना असलेल्यांना वातानुकूलित तंबू, बस आणि पाणी मिळाले, तर नसलेल्यांना उन्हात मैलोन्मैल चालावे लागले. शिबिरात मी ही आकडेवारी नेहमी सांगतो, कारण आपल्या लोकांना उन्हाची भीती दाखवून उपयोग होत नाही, व्यवस्थेचे महत्त्व मात्र त्यांना पटते.

बाळीवेस यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी हजच्या व्यवस्थेत सापडेल. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी होते. त्याला मेंदूज्वराची चार प्रकारांवरची लस दिली जाते, पोलिओचे थेंब पाजले जातात आणि ज्येष्ठांना इन्फ्लुएन्झाची लसही देतात. मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. या अटीमागे कटू अनुभव आहे: २००० आणि २००१ मध्ये हजहून परतलेल्यांमार्फत डब्ल्यू-१३५ या प्रकारच्या जंतूचा संसर्ग अनेक देशांत पोहोचला आणि त्यानंतर, २००२ पासून, चार प्रकारांवरची लस बंधनकारक झाली.

शिबिरात आम्ही केवळ धार्मिक विधी शिकवत नाही. छत्री कशी धरायची, मक्केजवळच्या मीनातील तंबूचा क्रमांक मनगटावर कसा बांधायचा, मधुमेहींनी अनवाणी का चालू नये, गर्दीत चप्पल हरवली तर तापलेल्या फरशीवर पाय ठेवण्यापूर्वी पिशवीतली दुसरी कशी काढायची, हे सगळे प्रत्यक्ष करून दाखवतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसल्याचे कळत नाही. संध्याकाळी फोड दिसतो आणि पुढे जखम चिघळते. माझ्या मते शिबिरातला सर्वांत उपयोगी अर्धा तास हाच असतो. उमराहला, म्हणजे वर्षभरात केव्हाही करता येणाऱ्या मक्केच्या यात्रेला, खासगी एजंटमार्फत जाणाऱ्यांना मात्र यातले फारसे काही मिळत नाही. माणसे तीच, शहर तेच, वयेही तीच. तयारी मात्र कोणत्या दाराने जाता यावर ठरते.

---

टूरवाली

मी गेली अनेक वर्षे सोलापूर आणि परिसरातील लोकांच्या परदेश सहली काढते, त्यामुळे या धाग्यावर माझी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. सहल आयोजक आरोग्याविषयी विचारतच नाहीत, हे खरे नाही. आम्ही विचारतो आणि लोक लपवतात. नोंदणी अर्जावर "कोणताही आजार नाही" असे लिहिणाऱ्या काकांच्या बॅगेत पाचव्या दिवशी सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयविकारात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, सापडते. सांगितले तर नेणार नाहीत, जादा पैसे मागतील किंवा सहप्रवाशांत चर्चा होईल, अशी धास्ती त्यांना असते. काही आयोजक खरोखरच अशा प्रवाशाला टाळतात, हेही मान्य करते.

त्यातही नेपाळमधील मुक्तिनाथची सहल मला सर्वांत काळजीची वाटते. सोलापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची ४७० मीटरच्या आसपास, पोखरा सुमारे ८२० मीटर आणि मुक्तिनाथ जवळपास ३,७०० मीटर. जोमसोमला, म्हणजे साधारण २,७०० मीटरवर, एक मुक्काम केला तर शरीराला थोडी उसंत मिळते. अलीकडे मात्र "वेळ वाचतो" म्हणून पोखऱ्याहून हेलिकॉप्टरने थेट वर जाण्याची मागणी होते. वर पोहोचताच १०८ धारांखाली, बर्फासारख्या पाण्यात स्नान करण्याची ओढ असते. रक्तदाबाचा रुग्ण, विरळ हवा, धावत-धावत घेतलेल्या धारा आणि त्यानंतर दोन कुंडांतली बुडी, हे दृश्य मी प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून पाहते. श्रद्धेच्या ठिकाणी "नको" म्हणणे फार अवघड असते. धारांचे पाणी ओंजळीत घेऊन डोक्याला लावले तरी चालते, हे पोखऱ्यालाच सांगून ठेवले तर लोक ऐकतात, वर गेल्यावर ऐकत नाहीत. कैलास-मानसरोवरच्या सरकारी यात्रेत वयाची मर्यादा १८ ते ७० आहे, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ किंवा त्याहून कमी असावा लागतो आणि दिल्लीत तपासणीत नापास झालेल्याला घरी पाठवतात. मुक्तिनाथला असे कोणी अडवत नाही.

---

जुळे_सोलापूरकर

@टूरवाली, आपला मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून लगेच भर घालतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे दिसली की आणखी वर जायचे नाही. तोल जाऊ लागला, बोलणे अडखळले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न करता खाली उतरायचे. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी काहींना प्रतिबंधासाठी देतात, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. तरुण आणि तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो. व्यायाम करतो म्हणून सूट मिळत नाही.

---

पूर्वभाग

माझे आई-वडील भावाकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी जाणार आहेत. वहिनीचे बाळंतपण आहे. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या अशा आई-वडिलांचा विचार या धाग्यावर अद्याप झालेला नाही. ते ठिकाणे पाहायला जात नाहीत, तर तेथे राहून स्वयंपाक करतात, बाळाला न्हाऊ घालतात आणि हिवाळ्यात चार भिंतींत कोंडले जातात. वडिलांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, आईला थायरॉइड आहे. सहा महिन्यांची औषधे एकदम न्यावीत का, संपली तर तेथे मिळतील का आणि विमा कोणता घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

बाळीवेस

@पूर्वभाग, ताई, औषधांचा भाग मी सांगतो. आपल्याकडे मधुमेहाची आणि रक्तदाबाची दोन-तीन औषधे एकाच गोळीत घालून देण्याची पद्धत फार आहे. वडिलांच्या गोळीवर ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत आणि घटकांची नावे बारीक अक्षरांत असतील. ते ब्रँडनाव तेथल्या डॉक्टरला काहीही सांगत नाही आणि तशी जोडगोळी तेथे मिळेलच असे नाही. त्यामुळे डॉक्टरांकडून इंग्रजीत, टंकलिखित, घटकांच्या नावांसह आणि मात्रांसह पत्र घ्यावे व त्यावर आजारांची नावेही लिहून घ्यावीत. औषधे मूळ पाकिटांतच ठेवावीत; स्ट्रिप कापून आठवड्याच्या डबीत भरण्याची सवय घरात चांगली, सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे अडचणीची. मुक्कामभर पुरतील एवढी औषधे आणि थोडी जादा न्यावीत. निम्मी हातातल्या बॅगेत, निम्मी मोठ्या बॅगेत. त्याबरोबर दोघांनीही निघण्यापूर्वी इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी, कारण नवजात बाळाच्या घरात ती आजी-आजोबांइतकीच बाळासाठीही असते.

दुबईला जाणाऱ्यांसाठी येथेच लिहून ठेवतो. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीन यांसारखी वेदनाशामक व खोकल्याची औषधे नियंत्रित यादीत आहेत आणि ती नेण्यापूर्वी तेथील आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. गुडघेदुखीसाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. खसखस तर तेथे बंदीच आहे. दिवाळीचे अनारसे लेकीला दुबईत पोहोचवणाऱ्या मावशींनी हे जरूर लक्षात घ्यावे. खसखस नसलेला चिवडा आणि शंकरपाळी न्यावी, अनारशांचा हट्ट सोडावा.

शेंगाचटणीविषयी एक अवांतर. टिकाऊ आणि चविष्ट असल्यामुळे ती सहलीत रोज तिन्ही त्रिकाळ खाल्ली जाते. त्यात लोणचे, पापड आणि विमानातले खारट पदार्थ भर घालतात, पाणी कमी प्यायले जाते आणि चौथ्या दिवशी पाय सुजतात. रक्तदाबाच्या रुग्णाने चटणी जरूर न्यावी, पण जेवणात चमचाभरच घ्यावी.

---

हिशेबनीस

@पूर्वभाग, विम्याचे मी सांगतो. याच व्यवसायात आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागतेच, म्हणून तेथे जाणारे विमा काढतात, पण तो "व्हिसासाठी लागणारा कागद" समजून सर्वांत स्वस्त काढतात. अमेरिकेच्या व्हिसाला अशी अट नाही, म्हणून कित्येक जण काढतच नाहीत. वास्तविक रुग्णालयाचा खर्च तेथेच सर्वाधिक आहे. अर्जात रक्तदाब आणि मधुमेह लपवला, तर हृदयविकाराच्या झटक्यानंतर तोच मुद्दा काढून दावा नाकारला जातो. "आधीपासूनच्या आजारातून उद्भवलेली जीवघेणी आणीबाणी" पॉलिसीत समाविष्ट आहे का आणि किती रकमेपर्यंत, ही ओळ शोधून वाचावी. आई-वडिलांच्या बाबतीत सहा महिन्यांची नियमित औषधे आणि तपासण्या बहुधा कोणत्याच प्रवास विम्यात बसत नाहीत, त्याची तजवीज वेगळी करावी.

तरुणांसाठी एक सूचना. बाली आणि थायलंडमध्ये भाड्याची स्कूटर घेऊन फिरण्याची पद्धत आहे. त्या देशात ग्राह्य असा दुचाकीचा परवाना नसताना, हेल्मेटविना किंवा मद्य घेऊन चालवताना झालेल्या अपघाताचा दावा सर्वसाधारणपणे मंजूर होत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतच मिळतो; तो दुचाकीसाठी आणि त्या देशात चालतो का, हे आधी पाहावे.

---

लष्कर

बालीचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आमचा पुतण्या मधुचंद्रासाठी गेला असताना तेथील माकडाने त्याचा चष्मा पळवला आणि झटापटीत बोट ओरबाडले. त्याने डेटॉल लावून सोडून दिले. आता येऊन आठ दिवस झाले, तो ठणठणीत आहे. यात घाबरण्यासारखे काही आहे का?

---

जुळे_सोलापूरकर

@लष्कर, आहे, आणि आपण आजच त्याला सिव्हिलला पाठवावे. बालीत २००८ पासून रेबीज आहे. तो तेथे मुख्यतः कुत्र्यांत आहे, परंतु माकडाचा चावा किंवा रक्त निघालेला ओरखडाही धोक्यातच धरतात. रेबीजची लक्षणे दिसायला आठवडे, कधी महिने लागतात आणि ती दिसल्यानंतर उपचार जवळजवळ नाही. त्यामुळे आज ठणठणीत असणे हा पुरावा नव्हे. उशीर झाला असला तरी लस सुरू करता येते. रक्त आले होते का हे त्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यायचे की नाही ते ठरते. अशी जखम झाल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला आणि फार प्रभावी उपाय आहे. चष्मा गेला तर जाऊ द्यावा.

येथेच परतल्यानंतरच्या तापाविषयी लिहितो. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, तर तो येथल्या दवाखान्यात "व्हायरल असेल" म्हणून गोळी घेऊन जातो. डॉक्टर डेंग्यू आणि टायफॉइडचा विचार करतात, कारण शहरात तेच चालू असते. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार मात्र काही दिवसांत प्राणघातक होऊ शकतो आणि तो परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत डोके वर काढू शकतो. "मी अमुक देशात, अमुक तारखांना होतो" हे वाक्य रुग्णाने स्वतःहून सांगावे. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मध्यपूर्वेतून परतलेला एक माणूस ताप-खोकल्यासाठी निदान होईपर्यंत एकामागून एक दवाखाने फिरला. त्याच्यापासून सुरू झालेल्या मर्स या श्वसनरोगाच्या साखळीत १८६ जणांना लागण झाली आणि ३८ दगावले. त्यांतल्या बहुतेकांनी परदेश पाहिलाही नव्हता.

---

लष्कर

पुतण्याला कळवले आहे, तो आत्ताच निघाला. माझा पहिला प्रतिसाद भीतीविषयी होता. तो मागे घेत नाही, पण या प्रकरणात भीती वाटायला हवी होती आणि ती आम्हा कोणालाच वाटली नाही, हेही लिहून ठेवतो.

---

सामाजिक_आरोग्य

वैयक्तिक सूचना पुष्कळ आल्या. मला एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेतील १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यापासून आरोग्यसंवर्धन म्हणजे केवळ उपदेश नव्हे, तर माणसाला आरोग्यदायी वागणे सोपे जाईल अशी परिस्थिती घडवणे, ही भूमिका सर्वत्र मान्य झाली आहे. सहलीला ती लावून पाहा. युरोपच्या बसमध्ये आपल्याकडच्या स्त्रिया पाणी पीत नाहीत. अज्ञानामुळे नव्हे, रस्त्यावरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, सुटी नाणी जवळ नसतात आणि चाळीस माणसांची बस आपल्यासाठी थांबवायला सांगणे नको वाटते. मग तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ सुरू होते आणि किटमधले अँटिबायोटिक मनाने घेतले जाते. अशा बाईला "भरपूर पाणी प्या" असे पत्रक देऊन काय साधणार? स्वच्छतागृहाचे पैसे सहलीच्या खर्चात धरावेत आणि कोणी मागितले नाही तरी बस दर दोन तासांनी थांबवावी. चालकाला युरोपीय कायद्याने साडेचार तासांच्या गाडी चालवण्यानंतर पाऊण तास विश्रांती मिळते. प्रवाशांसाठी असा कायदा नाही, तो आयोजकाने स्वतः करायचा आहे. पहिल्या दिवशी उतरल्या-उतरल्या शहरदर्शन ठेवू नये, दुपारच्या जेवणाची वेळ पाळावी, लिफ्ट नसलेले हॉटेल टाळावे. यांतले प्रत्येक कलम आरोग्याचे आहे आणि एकही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

---

टूरवाली

@सामाजिक_आरोग्य, पाण्याविषयीचे आपले निरीक्षण शब्दशः खरे आहे. आमच्या सहलीत व्यवस्थापक बाई असेल तर बस अधिक वेळा थांबते, हे मी पाहिले आहे. स्वच्छतागृहाचा खर्च पुढील सहलीपासून आम्ही एकूण रकमेतच धरणार आहोत. माणशी रक्कम इतकी किरकोळ आहे की ती वेगळी ठेवण्याला अर्थ नव्हता.

लपवण्याच्या प्रश्नावर मजरेवाडी आणि बाळीवेस यांचे लिखाण वाचून एक कल्पना सुचली. नोंदणी झाल्यावर, पहिला हप्ता स्वीकारल्यानंतर, एक आरोग्यपत्रक द्यायचे. प्रवाशाने ते स्वतःच्या डॉक्टरांकडून भरून बंद पाकिटात, पाकिटावर फक्त नाव लिहून, व्यवस्थापकाकडे द्यायचे. प्रकृती बिघडली तरच ते उघडायचे आणि सहल संपल्यावर न उघडता परत करायचे. जागा आधीच पक्की झाल्यामुळे नाकारले जाण्याची भीती उरणार नाही. त्याबरोबर निघण्याच्या सहा आठवडे आधीच्या बैठकीत अर्धा तास एखाद्या डॉक्टरांना बोलवायचे. सध्या त्या बैठकीत आम्ही बॅगेचे वजन आणि जेवणाचा मेनू यांवरच बोलतो. पत्रकात कोणते रकाने असावेत, ते कृपया सुचवावेत.

---

बाळीवेस

चालू औषधे घटकांच्या नावांनी आणि मात्रेसह. औषधांची व अन्नाची अ‍ॅलर्जी. झालेल्या शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा पेसमेकर. शेवटच्या ईसीजीची छोटी प्रत. विमा पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीसाठीचा चोवीस तासांचा दूरध्वनी. सोलापुरातील डॉक्टरांचा आणि एका नातेवाइकाचा क्रमांक. रक्तगटाचा रकाना सर्वांना हवा असतो, तो ठेवा, परंतु कोणतेही रुग्णालय स्वतः तपासल्याशिवाय रक्त देत नाही, म्हणून त्याला पहिली जागा देऊ नका.

---

जुळे_सोलापूरकर

ईसीजीची प्रत उत्तम सूचना आहे. छातीत दुखत असताना जुना आलेख समोर असला की नवा बदल कोणता हे तेथल्या डॉक्टरला लगेच कळते. बंद पाकिटाला माझी एकच दुरुस्ती आहे. साखर उतरण्याची शक्यता, झटके येण्याचा आजार आणि गंभीर अ‍ॅलर्जी या तीन गोष्टी पाकिटात बंद ठेवू नका. त्या प्रवाशाच्या संमतीने व्यवस्थापकाला आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असल्या पाहिजेत, कारण त्या प्रसंगी पाकीट शोधून उघडण्याइतका वेळ नसतो. बैठकीला मी यायला तयार आहे. रविवारी सकाळी ठेवावी.